निरंक

शनिवारची पाळी सुटते पहाटे चारला.
कानात मागाची खटखट,
भुवयांवर सुताची पूस,
आणि घरी जायचं सोडून मी
स्टँडवर, बार्शी गाडीची वाट बघत.
आई फोनवर तेलुगूत करवादते,
पाखरं बघून पोट भरतं का रे, अंबादास?
मी म्हणतो, डब्यात शेंगाचटणी आहे.

पाळीला ऐंशी टॉवेल काढतो मी.
ऐंशींवर तोच मोर,
त्याच बाजूला वळलेली तीच मान.
एखाद्याची चोच धाग्याने चुकली
की तो डागी, निम्म्या भावात फेरीवाल्याकडे.
म्हणून असेल,
नान्नजच्या माळावर चंडोल बघताना
मला घाई होत नाही.
सगळे मातकट, सगळे मूठभर,
पण एकाच्या छातीवर तुरळक ठिपके,
दुसऱ्याची शेपटी कडेला तांबूस,
तिसरा उडाल्याशिवाय ओळख देत नाही,
आणि चौथा कोण होता
यावर गैबीचाचा आणि मी तीन रविवार भांडलो.

वही कारखान्यातलीच:
मीटर, तुटके धागे, डाग, शेरा.
मीटरच्या रकान्यात पक्ष्याचं नाव,
खात्री नसेल तर डागात.
डाग बरेच आहेत.
नावं एकशे एकाहत्तर.
हिप्परग्याला हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब,
होटगीच्या तळ्यात मान उलटी करून
चिखल गाळणारे रोहित,
आणि धाविक,
जो चार पावलं पळतो आणि थबकतो
घरी काहीतरी विसरल्यासारखा.
भोवत्या येतो कझाकस्तानातून.
मी हैदराबादच्या पुढे गेलेलो नाही.
तरी दर हिवाळ्यात भेटतो आम्ही
गवताच्या एकाच पट्ट्यावर,
तो खाली बघत,
मी वर.

पुण्याहून, बंगळूरहून माणसं येतात,
तोफेएवढ्या लेन्स घेऊन.
एकच प्रश्न: माळढोक दिसेल का?
चाचा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत,
चहा टाकतात.
माणसं अकरापर्यंत थांबतात,
मग ऊन, मग घड्याळ, मग अक्कलकोट.
त्यांच्या पाठीमागे, नेमक्या त्याच वेळी,
पाणवठ्यावर पखुर्ड्या उतरतात.
नर पाण्यात बसतो, पोट घुसळतो,
पिसांत पाणी भरून घेतो
आणि उडतो, कुठे तरी दूर
दगडांत लपलेल्या पिल्लांकडे.
वीस वर्षं टॉवेल विणतोय.
इतकं पाणी धरणारं कापड
आमच्या कुठल्याच मागावर निघालेलं नाही.

मी माळढोक पाहिलेला नाही.
चाचांनी पाहिलाय. हात कमरेपाशी नेऊन
उंची दाखवतात, मग मान ताठ करून
थोडं चालून दाखवतात,
आणि तेवढ्यापुरता तो तिथे असतो,
खाकी स्वेटरमध्ये.

या सालापासून त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
परवा चौकीतली नोंदवही
माझ्यापुढे सरकवली. तू लिही.
वारा: पूर्वेचा.
काळवीट: तेवीस.
लांडगा: पावलं, ओढ्याकडे गेलेली.
माळढोक:
मी रेघ ओढणार तोच
त्यांनी मनगट धरलं.
रेघ नको. रेघ म्हणजे
कुणी बघायलाच गेलं नाही.
निरंक लिही.

मागची पानं चाळली.
निरंक. निरंक. निरंक.
दर वेळी पुरा शब्द, अनुस्वारासकट,
निळ्या शाईत, पेन्सिलीने,
एके ठिकाणी चहाच्या कपाचं गोल
त्याच्याभोवती उमटलेलं.
आम्ही मिळून साडेपाच तास चाललो होतो.
मीही लिहिलं.
अक्षर त्यांच्याइतकं चांगलं आलं नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली.
वडाळ्याच्या पुढे तारेवर एक कोतवाल,
शेपटी दुभंगलेली, रोजचाच.
एरवी मी त्याला मोजत नाही.
पेन काढलं.